गॅपचं कारण

जळकोट, ता. तुळजापूर
१६ जून २०२४

आत्या,

पाया पडते.

पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकलंय. घरी टाकलं असतं तर पोस्टमननं तुमच्या रणधीरच्या हातात दिलं असतं, आणि फोन तर तुमच्या घरात एकच, तोही त्यांच्याच खिशात. शाळेत तुम्ही खिचडी शिजवता, तिथं तुमच्या नावाचं पत्र दुसरं कोण उघडणार?

सोनारीहून निघाले त्याला दोन वर्षं चार महिने झाले. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही आणि आज काम पडलं तेव्हा लिहितेय. रागावला असाल तर ते बरोबरच आहे.

मी बारावी झाले. एकाहत्तर टक्के पडले. धाराशिवला नर्सिंगला फॉर्म भरलाय. तिथल्या क्लार्कनं कागद चाळले आणि म्हणाला, "दहावी वीस साली, अकरावी बावीसला. दोन वर्षांचा गॅप आहे. गॅप सर्टिफिकेट आणा." तुळजापूरला तहसीलसमोर टायपिंगवाले बसतात, त्यांच्याकडं मजकूर तयारच असतो. नाव, गाव, वय घालायचं, खाली सही. एकच जागा रिकामी असते, कारणाची. तो म्हणाला, "ताई, काय टाकू? आजारपण, घरची अडचण, का कोरोना? कोरोना टाकलं की कुणी काही विचारत नाही."

अण्णा म्हणाले आजारपण टाक. मी सही न करता उठून आले. ॲडमिशनच्या आधी डॉक्टर तपासतात, आत्या. माझ्या पोटावर शिलाई आहे. ती बघून कुणीही विचारणारच.

म्हणून लिहितेय. सोलापूरच्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड तुमच्याकडं असेल. तुम्ही ते पिवळ्या पिशवीत घातलेलं मला आठवतंय. त्याची झेरॉक्स पाठवा. आणखी काही मागत नाही.

शिवांजली


सोनारी, ता. परंडा
२८ जून

चि. शिवांजलीस लक्ष्मीबाईचा आशीर्वाद.

तुजं पत्र मोठ्या सरांनी आणून दिलं. म्हणले, लक्ष्मीबाई, तुमास्नी बी पत्र येतंय की! तांदळाच्या पोत्यावर बसून दोनदा वाचलं. खिचडी खाली लागली तरी उठले न्हाय. म्या कशापायी रागवू? पोरीला एकाहत्तर टक्के पडले. आमच्यात सातवीच्या फुडं कोन गेलंय?

ते गॅपचं वाचून मला नवल वाटलं. मला वाटायचं गॅप म्हंजी चांगली गोष्ट. नर्सबाई यायची ती म्हणायची, दोन लेकरात तीन वर्साचा गॅप ठिवा. कोरोनात सर वराडायचे, गॅप ठिवून बसा रे. माज्या फुडच्या दातात फट हाय, तिला पोरं गॅप म्हणत्यात. त्याचं सर्टिफिकेट लागतं हे आजच कळलं.

कार्डाचं म्हणशील तर ते आता न्हाय. पिशवी उतरंडीमागं हुती, उंदरांनी खाल्ली. तू आपलं सांग अपेंडिक्स काढलं म्हणून. माज्या मावसबहिणीचं काढलं तिलाबी शिलाई हाय. आत उघडून कोन बघतंय?

सासूला लिवलेल्या पत्रात तू नवऱ्याचं नाव घेतलंस, ते वाचून हसू आलं. रणधीर आता दुधाचा टेम्पो चालवतो, सकाळी भूमला जातो. दुसरं लगीन कर म्हणलं की ताटावरनं उठतो. एकटाच जेवतो. तू पत्र टाकलंस म्हंजी मनात कायतरी हाय आसं मला वाटलं. वाटलं ते लिवलं.

लक्ष्मीबाई


जळकोट
९ जुलै

आत्या,

माझ्या मनात तसलं काही नाही. मी परत येणार नाही. हे आधी लिहिते, म्हणजे तुम्ही उगाच वाट बघणार नाही.

त्यांनी मला मारलं नाही, हे खरं. कुणी विचारलं तर तसंच सांगेन. पण मी सोळा वर्षांची होते. आई जाऊन तीन महिने झाले होते. घरात बाई नाही, पोर वयात आलेली, वर्षाच्या आत उरकून टाका, असं चार माणसं म्हणाली आणि बाप असून अण्णांनी ऐकलं. संध्याकाळ झाली की भीतीनं मी गोठ्यात म्हशींपाशी जाऊन बसायची. तुम्हीही ते बघत होता. जेवताना माझ्या ताटात अर्धी भाकरी जास्त टाकायचा, पण काय होतंय म्हणून एकदाही विचारलं नाहीत.

आमच्या कॉलेजला मिनाज मॅडम इंग्रजी शिकवतात. त्यांना मी सगळं सांगितलं. शिलाईचंही. तुमचं गॅपचं वाचून दाखवलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, वर्गात मी गॅप म्हणजे रिकामी जागा असं सांगते, डिक्शनरीतही तेच आहे. पण तुझी ती दोन वर्षं रिकामी कुठं होती? खरंच आत्या, मी काही बसून नव्हते. दोन म्हशी होत्या, हापशाचं पाणी होतं, तुमच्या बोटाला इन्फेक्शन झालं तेव्हा सहा आठवडे सगळा स्वयंपाक माझ्याकडं होता. नंतर दिवस राहिले. एवढं सगळं झालं, आणि कागदावर त्या ठिकाणी फक्त तीन टिंबं आहेत.

मॅडमनी मला वकील बाईंकडं नेलं. त्या म्हणाल्या, असलं लग्न कोर्टातून रद्द करून घेता येतं, पण वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत अर्ज करावा लागतो. माझी वीस वर्षं वीस सप्टेंबरला होतात. अर्ज करायचा तर लग्न झालं होतं हे लिहावं लागेल, आणि कुणी लावलं तेही.

हे तुमच्यापासून लपवायचं नव्हतं.

आणि कार्ड उंदरांनी खाल्लं असेल तर असू द्या. दवाखान्यात नोंद असतेच म्हणे. मी मॅडमबरोबर सोलापूरला जाऊन नक्कल काढते.

शिवांजली


सोनारी
१७ जुलै

शिवांजली,

म्या तुला पोटच्या पोरीसारकं केलं आन् तू मला कोर्टात उभं करणार? दवाखान्यात तुजं वय म्या सांगितलं हुतं, एकोणीस. खरं सांगितलं असतं तर पोलीस बोलावले असते, आन् तुला झटके यायलेले, त्या टायमाला पोलीस बघायचे का डाक्टर? आता माज्या हाताला बेड्या पडल्या तर ह्या वयात मला कोन बघणार? रणधीरचं काय हुईल? त्याला जलमभर कोन काम देईल?

म्या चौदाव्या वर्सी ह्या घरात आले. मला कुणी इचारलं न्हाय का काय हुतंय. म्हणून मलाबी इचारायचं सुचलं न्हाय. तुज्या पत्रातली ती वळ लई लागली.

सोलापूरला जाऊ नको. हात जोडून सांगते. तुला काय टाकायचं ते कारण टाक, माजं नाव घाल, रणधीरचं घाल, पर तिथं जाऊ नको. झालेलं उकरून कुणाचं भलं व्हत न्हाय.

लक्ष्मीबाई


जळकोट
२५ ऑगस्ट

आत्या,

मी जाऊन आले. एकदा नाही, तीनदा जावं लागलं. पहिल्यांदा नोंद सापडली नाही, दुसऱ्यांदा साहेब रजेवर होते. काल नक्कल मिळाली.

मला सगळ्यांनी सांगितलं होतं की बाळ मेलेलंच जन्मलं. अण्णांनी सांगितलं, तुम्ही सांगितलं. मी विचारलं होतं, मुलगा का मुलगी, तर तुम्ही म्हणालात, आता त्याचं काय, पड गप.

कागदावर लिहिलंय, जिवंत, स्त्री, बाराशे ग्रॅम. खाली रोजची नोंद आहे. तारखा मी बोटानं मोजल्या, मग मॅडमनी मोजल्या. नऊ दिवस.

मला सातव्या दिवशी सुट्टी झाली. अण्णांनी जीप आणली होती. म्हणजे मी जीपमध्ये बसले तेव्हा ती त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर होती.

मला ताप नव्हता, तरी तुम्ही सकाळ-संध्याकाळ एक गोळी द्यायचा. तापाची आहे म्हणायचा. ती कसली होती?

याचं उत्तर लिहा. खोटं लिहिणार असाल तर लिहू नका.

शिवांजली


सोनारी
३ सप्टेंबर

शिवांजली,

गोळी दूध आटवायची हुती.

आता सगळं लिवते. चार दिस झाले लिवायलेय, रोज थोडं.

तुला आठवा महिना लागायचा हुता. पाय सुजले हुते, म्या म्हणले हुतंय आसं. त्या दिसी तू चुलीपाशी पडलीस, डोळं वर गेलं, दातखिळी बसली. रणधीरनं शेजाऱ्याची गाडी आणली. बार्शीत म्हणले इथं व्हायचं न्हाय, सोलापूरला न्या. वाटंत तुला दोनदा झटकं आलं. तुजी जीब चावू नये म्हणून म्या पदराचा बोळा घातला, तर बोट सापडलं, अजून खूण हाय. डाक्टर म्हणले पोट फाडून मूल काढलं न्हाय तर दोघंबी जातील. अंगठा रणधीरनं न्हाय, म्या दिला. घाबरून सही करायची सुदबी न्हवती मला.

चार दिस तुला सुद न्हवती. पोरगी वर काचंच्या पेटीत. उंदराच्या पिलावाणी, पर केस लई काळे. डाक्टर म्हणले ही जगायचं अवघड हाय, फुफ्फुस कच्ची हायती. चवथ्या दिसी तुजे अण्णा आले. तुला बघितलं आन् जिन्यात बसून रडले. मला म्हणले, बाई, मी चूक केली, माजी पोर मला परत द्या. म्या म्हणले न्या. मग म्हणले, तिला लेकराचं सांगू नका. तिनं एकदा बघितलं तर ती इथनं हालायची न्हाय, आन् लेकरू गेलं तर तीबी जाईल. गेलं म्हणूनच सांगा.

म्या व्हय म्हणले. बळजबरी न्हाय केली कुणी. मला वाटलं उद्या मरणारच हाय तर आज सांगितलं काय आन् उद्या काय. पर ती मेली न्हाय. दुसऱ्या दिसीबी न्हाय. तुला दूध यायलं, पदर भिजायला लागला, तवा नर्सला म्या सांगितलं मूल गेलंय, गोळी द्या. वरच्या मजल्यावरच्या नर्सला म्हणले आई बेसुद हाय. दोन मजल्यांवर दोन गोष्टी सांगत जिना चढ-उतार करत हुते.

तू गेलीस त्या दिसी दुपारी वरच्या नर्सनं मला बोलावलं. म्हणली, आजी, हिला अंगाची ऊब पायजे, आई न्हाय तर तुमी घ्या. माजं झंपर काढाय लावलं आन् तिला उघड्या छातीवर ठिवलं. वरनं चादर. दोन दिस ती माज्या अंगावर हुती. मधी मधी बोट हालवायची. पायाला पट्टी हुती, त्यावर इंग्रजीत लिवल्यालं. म्या इचारलं काय लिवलंय, तर म्हणली, बेबी ऑफ शिवांजली. तेवढंच तिचं नाव. बारसं न्हाय, काय न्हाय.

नवव्या दिसी पहाटं श्वास थांबला. मला कळलंच न्हाय. नर्सनं उचलली तवा कळलं. रणधीर घिऊन आला सोनारीला. रानात ठिवलं. म्या गेले न्हाय, माज्यात जीव न्हवता. कुठं ठिवलं ते म्या इचारलं न्हाय, त्यानं सांगितलं न्हाय.

तू इचारलं न्हाय म्हणतीस ते बरोबर हाय. म्या कुणालाच काय इचारलं न्हाय.

कार्ड उंदरांनी खाल्लं न्हाय. सोबत पाठवलंय. झेरॉक्स न्हाय, तेच. कोर्टाची तारीख कळव. म्या येते. वय म्या खोटं सांगितलं हे तिथंबी सांगते. भ्या वाटतंय, पर येते.

लक्ष्मीबाई


जळकोट
१६ सप्टेंबर

आत्या,

पत्र मिळालं. तुमच्यावर राग आहे. तो लवकर जाईल असं वाटत नाही. पण तुम्ही तिला छातीवर घेतलं ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि कितीतरी वेळ माझा हात माझ्याच छातीवर होता. यापुढं त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

अण्णांना तुमचं पत्र वाचायला दिलं. ते त्यांच्या पंक्चरच्या दुकानात ट्रकचं टायर खोलत होते. हात पुसून उभ्यानंच वाचलं. मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस का माझ्याबरोबर?"

"नसते आले."

"मग."

"तिचे दोनच दिवस राहिले होते, अण्णा. दोन दिवसांनी आले असते."

ट्रकवाला हाका मारत होता, त्याला म्हणाले दुसरीकडं जा. शटर ओढलं. दोन दिवस ते घरात माझ्यासमोर बसून जेवले नाहीत, आणि मीही बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. म्हणाले, "वकिलाकडं जायचंय ना? चल. लग्न मी लावलं, माझं नाव मी सांगतो."

बारा तारखेला धाराशिवच्या कोर्टात अर्ज दाखल झाला. अण्णांनी तिथं सगळं सांगितलं. पुढं त्यांचं, तुमचं काय होईल ते वकील बाईंनाही नक्की सांगता येत नाही. मीही तुम्हाला खोटा धीर देणार नाही. तुम्ही उपचारासाठी वय वाढवून सांगितलं आणि माझा जीव वाचला, हे मात्र मी अर्जात लिहायला लावलंय.

परवा तहसीलला जाऊन गॅप सर्टिफिकेट केलं. टायपिंगवाल्यानं विचारलं, कारण? मी सांगितलं ते त्यानं टाइप केलं, मध्येच थांबला, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "ताई, एवढं लागत नाही हो. 'घरगुती अडचण' पुरतं." मी म्हटलं तुम्ही टाइप करा. मग त्यानं केलं. मी त्याच्यामागं उभी राहून शब्द न् शब्द वाचला:

"या दोन वर्षांत माझे वय कमी असताना माझे लग्न झाले होते. मला मुलगी झाली. ती नऊ दिवस जगली. त्यामुळे शिक्षण घेता आले नाही."

त्यानं पैसे घेतले नाहीत. मी ठेवून आले.

कॉलेजच्या क्लार्कनं ते वाचून प्राचार्य बाईंकडं पाठवलं. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, विवाहित का अविवाहित इथं तू काहीच लिहिलं नाहीस. मी म्हटलं, कोर्ट सांगेल ते लिहीन. त्या म्हणाल्या, शेवटची फेरी महिनाअखेरीला आहे, तोवर थांब, मी विचारून बघते. घेतील का नाही, माहीत नाही.

एक मागायचंय. तिला कुठं ठेवलं ते मला बघायचंय. तुम्ही त्यांना विचारा. मी नाही विचारणार.

शिवांजली


सोनारी
२६ सप्टेंबर

चि. शिवांजली,

कोर्टाची नोटीस आली. रणधीरच्याच हातात पडली. वाचून माज्यासमोर धरली आन् म्हणला, "तुला ठाव हुतं?" म्या तुजी सगळी पत्रं काढून दिली. वसरीत बसून त्यानं एकेक वाचलं. संध्याकाळच्या भीतीचं तू लिवलंस ते पत्र त्यानं लई येळ धरून ठिवलं. मला वाटलं आता वराडतो. पर म्हणला, "खरं हाय ते." एवढंच. कोर्टात बी हेच सांगणार का म्हणून इचारलं, तर मान हालवली. काय शिक्षा व्हायची ती हुईल. मला झोप लागत न्हाय, पर तुला ते सांगून काय उपेग?

मग म्या इचारलं, तिला कुठं ठिवलं. अडीच वर्सात पयल्यांदा. त्यानं चप्पल घातली आन् रानाकडं चालाय लागला. म्या मागं मागं. तूर आता छातीला लागती. हिरीच्या वरल्या अंगाला, बांधापासनं चार हात आत जाऊन त्यो थांबला, खाली बसला आन् गवत उपटाय लागला. म्या बी बसले. सगळी जागा साफ झाली तवा म्हणला, "ती कवा येणार हाय ते मला आदी सांग. म्या त्या दिसी दुधाची दुसरी खेप धरतो. रातच्यापातूर घरी येत न्हाय."

तवा पाच तारखंच्या शनवारी ये. शाळा सकाळची असती, अकराला म्या मोकळी हुते. परंड्यातनं एस.टी. मिळंल, फाट्यावर उतर. म्या उभी राहते. तुज्या अण्णांना संगं आणायचं आसंल तर आण, न्हाय तर एकटी ये. रानात चिखल हाय, जुनी चप्पल घालून ये. बांधावरनं म्या तुजा हात धरीन. तुला नको आसंल तर धरणार न्हाय, नुसती मागं चालते.

लक्ष्मीबाई